रिकामे रकाने

भिंतीवरच्या नकाशाचा स्वभाव मोठा मितभाषी असे. शाळेंत खिळ्याला टांगलेल्या त्या कापडी पटावर मास्तरांच्या छडीच्या टोकानें गोदावरी नाशकाहून राजमहेंद्रीपर्यंत वाहत जाई, आणि तास संपला म्हणजे तो सबंध देश गुंडाळला जाऊन कपाटाच्या माथ्यावर चढे. नकाशा दाखवील तें आपण पाहावें, आणि तो दाखवणार नाहीं तें नाहींच असें समजावें, असा उभयतांमधला अलिखित करार होता. त्या नकाशाला प्रश्न विचारावा असें कोणाच्या मनांत येत नसे. आणि आलें असतें तरी त्या बिचाऱ्या कापडानें उत्तर काय द्यावें?

आतां तो काळ राहिला नाहीं. २००४ सालीं ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनींच लोकांसाठीं काढलेला नकाशा सुरू झाला, २००५ सालीं गूगल मॅप्स आला, आणि २००९ सालीं आपल्या इस्रोनें ‘भुवन’ हें दालन उघडलें. नकाशा भिंतीवरून उतरून टेबलावर आला, टेबलावरून खिशांत शिरला, आणि मुख्य म्हणजे बोलूं लागला. लग्नाचें कार्यालय शोधणारे पाहुणे पूर्वीं पानपट्टीच्या दुकानाशीं गाडी थांबवीत. आतां ते हातांतल्या कांचेला विचारतात. परंतु या बोलक्या नकाशाशीं वागण्याचे प्रकार दोन आहेत: एक त्यांत हिंडण्याचा, दुसरा त्याला विचारण्याचा. पहिला आपणां सर्वांना बोटांच्या संवयीनेंच येतो. दुसरा शिकावा लागतो, आणि तो शिकत असतां नकाशाविषयीं जितकें कळतें तितकेंच प्रश्नाविषयींहि कळतें, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. आमच्या महाविद्यालयाच्या भूगोल-विभागांत संगणकीय नकाशांचा एक लहानसा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हां विद्यार्थ्यांच्या मागच्या बाकावर आम्हीहि जाऊन बसलों. शिकविणाऱ्या बाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनीं पहिल्याच दिवशीं आम्हांस क्यूजीआयएस नांवाच्या सॉफ्टवेअरपुढें बसविलें. हें सॉफ्टवेअर २००२ सालीं गॅरी शर्मन यांनीं सुरू केलें. तें कोणासहि फुकट मिळतें, आणि पुढें जगभरच्या स्वयंसेवकांनीं तें वाढविलें आहे.

पडद्याच्या वरच्या कडेला लहान लहान चित्रांच्या कळांची एक रांग असते. पांढऱ्या हाताची कळ घेतली म्हणजे नकाशा सतरंजीसारखा हवा तिकडे ओढतां येतो. भिंगांत अधिकाचें चिन्ह असेल तर जवळ जावें, उण्याचें असेल तर दूर. भिंगानें एखादा चौकोन आंखला तर तेवढाच प्रदेश पडदाभर पसरतो. एका कळेनें सगळा विस्तार एकदम दिसूं लागतो. रानांत वाट चुकलेल्या माणसाला कोणी उचलून वेशीवर आणून सोडावें, तसें वाटतें. आणखी एक कळ ‘मागील दृश्य’ परत आणते. आम्हां इतिहासवाल्यांना तिचा विशेष लोभ जडला, हें सांगायला नकोच. खालच्या पट्टींत आपण कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहोंत आणि प्रमाण काय चाललें आहे, हें सतत लिहून येत असतें. या पट्टीकडे नवशिका माणूस पाहत नाहीं, आणि तेथेंच फसतो.

कारण या हिंडण्यांत एक मोह आहे. भिंगानें जवळ जावें तसतसें अधिक खरें दिसत आहे, असें वाटूं लागतें. वेबवरच्या नकाशांच्या बाबतींत कांहीं अंशीं तें बरोबरहि आहे. तेथें आरंभीं सबंध जग २५६ ठिपके लांब आणि तितकेच रुंद अशा एका फरशींत मावलेलें असतें. पुढच्या प्रत्येक पायरीला एकेका फरशीच्या चार फरशा होतात, आणि अठराव्या पायरीवर त्यांची संख्या ६,८७१ कोटींच्या वर जाते. परंतु मुळांत मोजणी ज्या प्रमाणानें झाली असेल त्याच्या पलीकडचें ज्ञान कोणतेंहि भिंग देऊं शकत नाहीं. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर २५ मीटर. ती रेघ पडद्यावर हातभर फुगविली तरी नदीचा कांठ तिच्यांत नेमका कोठें, हें कोणी सांगूं शकणार नाहीं.

मोजपट्टीचीहि तीच गोष्ट. मर्केटरनें १५६९ सालीं खलाशांच्या सोयीसाठीं योजलेली पद्धति थोड्या फरकानें आजहि वेबनकाशांच्या मुळाशीं आहे, आणि तींत ध्रुवांकडे जावें तसतशीं अंतरें ताणलीं जातात. पुण्याच्या अक्षांशावर हा ताण शेंकडा साडेपांचाच्या आसपास. साठाव्या अक्षांशावर अंतर दुप्पट दिसतें. म्हणून मोजपट्टी उचलण्यापूर्वीं, पृथ्वीची गोलाई हिशोबांत धर, असें तिला बजावावें लागतें.

आतां विचारण्याच्या कळा. पहिली इंग्रजी ‘आय’ या अक्षराची. ती घेऊन नकाशावरच्या एखाद्या वस्तूवर टिचकी मारली कीं शेजारीं एक कोष्टक उघडतें, आणि मग लक्षांत येतें कीं, प्रत्येक ठिपक्यामागें, प्रत्येक रेघेमागें एक ओळ लिहिलेली आहे व त्या ओळीला रकाने आहेत: नांव, प्रकार, क्षेत्र, वर्ष. नकाशा हा त्या खतावणीचा केवळ दर्शनी ओटा. दुसरी कळ रकान्यांवरून निवड करते. लोकवस्ती पांच हजारांहून अधिक असलेलीं गांवें दाखव, म्हटलें कीं तेवढींच गांवें पिवळीं होऊन उजळतात. तिसरी जागेवरून निवड करते: नदीपासून पांचशें मीटरांच्या आंतल्या विहिरी, तालुक्याची हद्द ओलांडणारे रस्ते. यासाठीं एखाद्या वस्तूभोवतीं ठराविक अंतराचें कुंपण घालतां येतें. त्याला बफर म्हणतात.

हा तिसरा प्रकार संगणकाहून बराच जुना आहे. १८५४ सालीं लंडनच्या सोहो भागांत पटकीची सांथ उसळली, तेव्हां डॉ. जॉन स्नो यांनीं मृत्यूंच्या खुणा घरोघर नकाशावर मांडून त्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवतीं कशा दाटल्या आहेत, हें दाखविलें. १८५५ सालच्या अहवालांतील नकाशावर तर त्यांनीं, हा पंप आणि भोवतालचे पंप यांपासून रस्त्यानें चालत जातां सारखेंच अंतर पडेल अशा जागांची एक रेघहि आंखली. आजचा विद्यार्थी जें एका कळेनें करतो तें त्यांनीं पायांनीं केलें. परंतु स्नो यांची खरी थोरवी आम्हांस त्या दाटीपेक्षां अपवादांत दिसते. पंपाजवळच्याच बीअरच्या कारखान्यांतील मजूर वांचले होते. जवळच्या गरिबांच्या आश्रयगृहांत पांचशेंहून अधिक माणसें असतां मृत्यु अवघे पांच झाले होते. उलट, तेथून दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा त्याच रोगानें दगावली होती. नकाशाला या तिन्ही गोष्टींचें उत्तर देतां येईना, कारण ‘पाणी कोठलें पितां?’ हा रकानाच त्यांत नव्हता. तो भरण्यासाठीं स्नो यांना दारोदार जावें लागलें. तेव्हां कळलें कीं, कारखान्याला आणि आश्रयगृहाला स्वतःच्या विहिरी होत्या, मजुरांना प्यायला बीअर मिळे. आणि त्या विधवेला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याचीच चव आवडत असल्यामुळें तें तिच्याकडे मुद्दाम पाठविलें जाई.

ही कथा आम्हांस पुष्कळ दिवसांपासून ठाऊक होती. तिचा अर्थ मात्र घरीं, वडिलांच्या शेजारीं संगणकापुढें बसलों असतां, अधिक उलगडला.

आमचें मूळ गांव भीमेच्या कांठीं होतें. ‘होतें’ म्हणण्याचें कारण, १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयांत तें बुडालें. या धरणाची सांठवण सुमारें ११७ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट. सोलापूर जिल्ह्याची पुष्कळशी शेती त्यावर पिकते आणि पुष्कळांची तहान त्यावर भागते. त्या पाण्याविषयीं आमच्या मनांत किल्मिष नाहीं. उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें, आणि लोक तें पाहायला जातात. आमच्या गांवांत तेवढें उंच कांहीं नव्हतें. तें वर येत नाहीं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतों. त्याच गांवच्या प्राथमिक शाळेंत ते मास्तर होते. आज त्यांचें वय ८६ आहे. गेल्या दसऱ्यापासून त्यांनीं एकच हट्ट धरला होता: जेथें आपलें घर होतें तेथें पाण्यावर एकदां होडीनें जायचें, आणि आपल्या आईच्या तुळशीवृंदावनाच्या जागीं ओंजळभर फुलें सोडायचीं. भिगवणकडचा एक होडीवाला तयार होता. “जागा सांगा, नेतों,” एवढेंच त्याचें म्हणणें. आणि जागाच कोणाला सांगतां येत नव्हती. आजच्या नकाशावर तेथें सगळा निळा रंग. ‘आय’ची कळ घेऊन कोठेंहि टिचकी मारली तरी उत्तर एकच: जलाशय.

तेव्हां आम्हीं धरणापूर्वींचा, मैलास इंच या प्रमाणाचा, सर्वेक्षण-खात्याचा एक जुना पट मिळविला. भूगोलाच्या बाईंनीं त्याचें चित्र संगणकांत घेऊन नव्या नकाशाखालीं एक थर म्हणून बसविलें. बसवायचें म्हणजे दोहोंतल्या त्याच त्या जागा एकमेकींवर आणायच्या. पटाच्या चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि टेकड्यांच्या माथ्यांवरचीं त्रिकोणाचीं चिन्हें यांच्या आधारें तें काम झालें. या त्रिकोणांच्या मोजणीची परंपरा विल्यम लॅम्ब्टन यांनीं १८०२ सालीं मद्रासेजवळ सुरू केली, आणि ती उत्तरेकडे नेत असतां १८२३ सालीं आपल्या हिंगणघाटास त्यांचा अंत झाला. त्या परंपरेंतले टेकडीवरचे दोन लहानसे त्रिकोण आज एका म्हाताऱ्या मास्तरांच्या उपयोगीं पडले.

बाईंनीं निळा थर अर्धवट पारदर्शक केला, आणि पाण्याखालून गांव वर आलें: वस्तीचे लाल ठिपके, मारुतीचें देऊळ, नदीकडे उतरणारी पायवाट, ओढा, एक विहीर. अण्णा चष्मा पुसून पडद्याला जवळजवळ नाक लावून बसले. परंतु घरें त्या पटावर वेगवेगळीं काढलेलीं नव्हतीं.

“मारुतीपासून आपला ओटा ऐशीं पावलें,” अण्णा म्हणाले, “आणि विहिरीपासून दीडशें.”

हाच तर जागेवरून विचारलेला प्रश्न! बाईंनीं तो तत्काळ ओळखला. “आजोबा, पावलें कोणाचीं?” त्यांनीं विचारलें. “लहानपणचीं कीं मोठेपणचीं?”

अण्णांनीं क्षणभर आठवून पाहिलें. “मोजलीं तेव्हां मी चौथींत होतों.”

चौथींतल्या मुलाचें पाऊल अर्ध्या मीटराचें धरून देवळाभोवतीं चाळीस मीटरांचें आणि विहिरीभोवतीं पाऊणशें मीटरांचें, अशीं दोन वर्तुळें काढलीं. विहीर देवळाच्या उत्तरेस असल्यामुळें तीं दोन ठिकाणीं एकमेकांना छेदूं लागलीं, एक पूर्वेला व एक पश्चिमेला. यंत्राच्या दृष्टीनें दोन्हीं उत्तरें सारखींच बरोबर. अण्णा म्हणाले, “संध्याकाळीं देवळाची सांवली आपल्या अंगणांत येई.” म्हणजे घर पूर्वेकडचें. मैलास इंच या प्रमाणावर अर्धा मिलिमीटर म्हणजे तीस मीटरांहून थोडें अधिक, तेव्हां हा ठिपका एका घराचा नसून एका आळीचा समजा, असें बाईंनीं बजावून सांगितलें. अण्णांना तेवढें पुरे होतें. होडी तरी एका जागीं कोठें स्थिर राहते? होडीवाल्याच्या फोनवर आंकडे गेले, आणि मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं फुलें पाण्यावर पडलीं.

येथें ही गोष्ट संपावयाची. परंतु अण्णा पडले मास्तर. “आपलें एकट्याचेंच घर कशाला?” ते म्हणाले. “सगळा गांव मांड.” मग एक नवा थर उघडला व त्याला तीन रकाने दिले: घराचा कर्ता, त्याचा व्यवसाय, आणि धरणानंतर तीं माणसें कोठें गेलीं. हजेरीपट वाचावा तशीं अण्णा एकेक घरें सांगत गेले आणि आम्ही ठिपके देत गेलों. आठवलीं तीं सारीं मिळून ४२ घरें झालीं.

थर भरल्यावर प्रश्न विचारण्याची हौस कोणाला आवरते? नव्या गांवठाणांत गेलेलीं घरें दाखव, म्हटलें. १९ घरें पिवळीं झालीं. नव्या गांवठाणांत न गेलेलीं दाखव, म्हटलें, १२ झालीं. आम्ही पुढचा प्रश्न टाईप करीत होतों, तोंच अण्णांचीं बोटें थांबलीं.

“एकोणीस आणि बारा एकतीस. बेरीज बेचाळीस आली पाहिजे.”

बेरीज यंत्राकडून चुकली नव्हती. रकाना रिकामा असला तर यंत्र त्याला शून्य समजत नाहीं, ‘नाहीं’ असेंहि समजत नाहीं. ‘ठाऊक नाहीं’ असें समजतें. जें ठाऊकच नाहीं तें अमक्यासारखें आहे काय, याचें उत्तर ठाऊक नाहीं. आणि तें अमक्याहून निराळें आहे काय, याचेंहि उत्तर ठाऊक नाहीं. म्हणून अशीं घरें होकाराच्या यादींत येत नाहींत आणि नकाराच्याहि यादींत येत नाहींत. त्यांना शोधायचें तर त्यांच्यासाठीं स्वतंत्र प्रश्न विचारावा लागतो: ज्यांचा हा रकाना रिकामा आहे अशीं घरें दाखव.

तो प्रश्न विचारला. ११ घरें उजळलीं. तीं गांवभर विखुरलेलीं नव्हतीं. अकराच्या अकरा ओढ्यापलीकडे, गांवकुसाबाहेरच्या वस्तींत, एकमेकांना लागून होतीं.

अण्णा बराच वेळ त्या पिवळ्या ठिपक्यांकडे पाहत राहिले. “यांचीं मुलें माझ्या वर्गांत होतीं,” ते म्हणाले. “प्रत्येकाचें नांव सांगतों. कोठें गेलीं, तें आमच्यांतल्या कोणीं विचारलेंच नाहीं.”

इतिहासाच्या धंद्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला या अकरा ठिपक्यांनीं पुष्कळ सांगितलें. दप्तरें चाळतांना आपण सारा भरणारे मोजतों, न भरणारे मोजतों, आणि दोन्हीं यादींची बेरीज म्हणजे गांव असें धरून चालतों. दोन्हीं यादींबाहेर कोण राहिलें, हें पाहायला एकूण किती घरें होतीं तें आधीं ठाऊक असावें लागतें, आणि तें सांगणारा एखादा अण्णा नेहमींच हयात नसतो. जुन्या नकाशांवर अज्ञात प्रदेश कोरा पांढरा सोडीत. त्यांत एक प्रामाणिकपणा होता: न कळलेली जागा डोळ्यांना दिसे. नव्या नकाशावर रंग सर्वत्र सारखा गुळगुळीत पसरलेला असतो. अज्ञान त्याच्या पाठीमागच्या खतावणींत, रिकाम्या रकान्यांत असतें, आणि विचारल्याखेरीज पुढें येत नाहीं. हॅम्पस्टेडच्या विधवेचें पाणी कोठलें, हें स्नो यांना ठिपक्यांनीं सांगितलें नाहीं. ठिपक्यांनीं एवढेंच दाखविलें कीं, अमक्या दारीं जाऊन विचारलें पाहिजे. विचारण्याच्या कळांचा याहून मोठा उपयोग आम्हांस तरी अद्याप आढळला नाहीं.

अण्णांनीं त्याच आठवड्यांत फोन हातीं घेतला. वर्गांतल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता पिंपरीस लागला. त्यानें आणखी दोघांचा सांगितला. त्यांतल्या एकाच्या बहिणीनें सुरतेंत गेलेल्या भावकीचा. “मास्तर, इतक्या वर्षांनीं कशी आठवण झाली?” असें त्यांतल्या एकीनें विचारलें. अण्णांनीं तिला बेरजेची हकीकत जशीच्या तशी सांगितली. एकेक रकाना भरत गेला तसा अण्णांनीं तोच प्रश्न आम्हांस पुन्हां पुन्हां विचारायला लावला, आणि दर वेळीं पिवळीं घरें कमी होत गेलीं. ज्यांचा शोध लागला त्यांपैकीं तिघांनीं आपापल्या घरांचे अक्षांश-रेखांश मागून घेतले आहेत; होडीवाल्याचा नंबरहि त्यांना दिला आहे.

हा मजकूर लिहीत असतां सात रकाने भरले आहेत. चार घरें अजून पिवळीं आहेत.